सेक्स, जेंडर आणि ट्रान्स ओळख: या वादात डोकं शाबूत ठेवून कसं बोलायचं

ट्रान्सजेंडर विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात, एक म्हणजे "सायन्स क्लिअर आहे, दोनच सेक्स असतात, विषय संपला" आणि दुसरं "सेक्स हा स्पेक्ट्रम आहे, सायन्सनेच सांगितलंय, विषय संपला". विषय संपवायची घाई दोघांनाही सारखीच, आणि दोघंही सायन्सकडून असं काहीतरी वदवून घ्यायला बघतात जे सायन्सचं काम नाहीच मुळी. हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना यावर डिबेट करायची आहे, असाइनमेंट लिहायची आहे किंवा नुसतं वाचताना कुठला युक्तिवाद भक्कम आणि कुठे हातचलाखी चाललीये ते ओळखता यायला हवंय. शेवटी कोण बरोबर ते मी सांगणार नाही, पण माझी मतं मधेमधे येतील, ती काही लपवत नाही.

आधी प्रश्न सुटे करा

या एका वादात चार वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. जीवशास्त्रात नर आणि मादी म्हणजे काय, हा एक. आपण रोजच्या बोलण्यात बाई, पुरुष म्हणतो तेव्हा नक्की कशाबद्दल बोलतो, हा दुसरा. ते शब्द कसे वापरले जायला हवेत, हा तिसरा. आणि कुठल्या स्पर्धेत, कुठल्या वॉर्डात, कुठल्या कागदावर कुणाला कुठे धरायचं, हा चौथा. पहिला बायॉलॉजीचा, दुसरा भाषेचा, तिसरा नीतीचा आणि राजकारणाचा, चौथा नियम बनवणाऱ्यांचा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून चौथ्याचं आपोआप मिळत नाही, आणि चौथ्यात आपल्याला काय हवंय त्यावरून पहिल्याचं उत्तर फिरवताही येत नाही, पण भांडणात नेमकं हेच दोन्ही चालतं.

करायचं काय, तर कुठलंही वाक्य ऐकलं की ते कितव्या प्रश्नाचं उत्तर आहे ते मनात नोंदवायचं. "ट्रान्स बाई ही बाईच" हे वाक्य घ्या (ट्रान्स बाई म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंदली गेलेली, पण स्वतःला बाई मानणारी व्यक्ती), ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असू शकतं, तिसऱ्याचं असू शकतं, चौथ्याचंही असू शकतं, पण पहिल्याचं उत्तर म्हणून ते फार कमी लोक म्हणतात. आणि समोरचा मात्र ते पहिल्याचं उत्तर समजून क्रोमोसोम काढतो. उलटही होतं, कुणी फक्त पहिल्या प्रश्नाबद्दल बोलत असतो आणि त्याला चौथ्यातला कट्टर धरून झोडपलं जातं.

यातून मला जो प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतो तो म्हणजे: ही वर्गवारी कशासाठी चाललीये? साधं डॉक्टरकडचं उदाहरण बघा. ट्रान्स बाईच्या जननेंद्रियांचं ऑपरेशन झालं तरी प्रोस्टेट सहसा काढत नाहीत, त्यामुळे प्रोस्टेटच्या तपासणीबाबत तिला पुरुषांच्या गाइडलाइनमध्ये धरावं लागतं. पण तीच व्यक्ती बरीच वर्षं इस्ट्रोजेनवर, म्हणजे स्त्री हॉर्मोनवर असेल तर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट वाचताना बायकांची नॉर्मल रेंज जास्त योग्य ठरते, कारण टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, कमी झालं की हिमोग्लोबिनही कमी होतं. म्हणजे एकाच दवाखान्यात, एकाच माणसासाठी, एकाच दिवशी दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही निव्वळ वैद्यकीय कारणांनी! फॉर्मवर 'सेक्स' असा एकच रकाना असेल तर यातलं एक उत्तर चुकणार.

आता बायॉलॉजी, आणि ती नीट

इथे थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक जण शाळेतल्या एक्सएक्स एक्सवायवर (बाईचे क्रोमोसोम एक्सएक्स, पुरुषाचे एक्सवाय) थांबलेले असतात. नेटी स्टीव्हन्स यांनी 1905 मध्ये मीलवर्म नावाच्या किड्याच्या पेशी बघून दाखवलं की नराकडे एक छोटा वेगळा क्रोमोसोम असतो, तिथून ही कथा सुरू होते. पण नर मादी हे शब्द सगळ्या सजीवांना लागतात आणि म्हणून त्यांची व्याख्या क्रोमोसोमवर करताच येत नाही. पक्ष्यांत उलटी व्यवस्था असते, दोन वेगळे क्रोमोसोम मादीकडे, एकसारखे नराकडे. मगरींत तर सेक्स क्रोमोसोमच नसतात, अंडं किती तापमानाला उबवलं गेलं त्यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. मधमाशीत फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो. क्लाउनफिश आधी नर असते आणि गटातली मादी मेली की त्यातला मोठा नर मादी होतो.

मग या सगळ्यांना नर मादी म्हणायचं कशाच्या जोरावर? तर गॅमीटच्या, म्हणजे प्रजननपेशीच्या आकारावर. मोठी, अन्नसाठा असलेली पेशी बनवणारी ती मादी, छोटी आणि बहुतेकदा पळणारी पेशी बनवणारा तो नर. याला ॲनायसोगॅमी म्हणतात. या अर्थाने प्रकार दोनच आहेत, मधल्या आकाराची तिसरी पेशी प्राण्यांत सापडत नाही. कुणी येऊन सांगेल की एका बुरशीत हजारो सेक्स असतात, तर ते मेटिंग टाइप असतात, म्हणजे कोण कुणाशी जुळू शकतं ते ठरवणारे गट, तिथे लहान पेशी मोठी पेशी असा भेदच नसतो, त्यामुळे ते उदाहरण इथे लागू पडत नाही. माझं मत विचाराल तर "गॅमीटच्या पातळीवर सेक्स दोन" हे सरळ मान्य करून टाकावं, ते नाकारायला गेलात की पुढचं सगळं ऐकूनच घेतलं जात नाही, आणि नाकारून हाती काही लागतही नाही.

पण यापुढचं वाक्य जपून ऐका. "गॅमीट दोन प्रकारचे आहेत" इथून "प्रत्येक माणूस दोनपैकी एकाच खान्यात बसतो" इथे जायला अजून एक पायरी लागते आणि ती पायरी कुणी बोलून दाखवत नाही. तान्हं बाळ गॅमीट बनवत नाही, मेनोपॉज झालेली बाई बनवत नाही, काही जण आयुष्यात कधीच बनवत नाहीत. मग व्याख्या अशी होते की ज्याच्या शरीराची रचना अमुक गॅमीटच्या दिशेने झालेली आहे तो. हे उत्तर वाईट नाही, न चालणारं हृदय पण हृदयच असतं तसा हा विचार आहे. पण 'दिशेने' या शब्दात बरंच तत्त्वज्ञान गुपचूप आत येतं: अवयवाचं कार्य म्हणजे काय, नॉर्मल वाढ कुणी ठरवली, अर्धवट राहिलेल्या रचनेची दिशा कशी ओळखायची. मायक्रोस्कोपखाली दिसतो तो गॅमीट, दिशा नाही दिसत. म्हणून समोरच्याने "हे नुसतं निरीक्षण आहे" म्हटलं की इथे थांबवा.

दुसरा गट म्हणतो सेक्स हा गुणधर्मांचा गुच्छ आहे: क्रोमोसोम, ग्रंथी, हॉर्मोन, बाहेरचे अवयव, वयात आल्यावरचे बदल. बहुतेकांत हे सगळं एका रांगेत येतं आणि म्हणून आपल्याला ती एकच गोष्ट वाटते. रांग मोडते तेव्हा कळतं की त्या अनेक होत्या. वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय नावाचा जीन 1990 मध्ये सापडला, गर्भात वृषण बनवायची सुरुवात तो करून देतो. तो जीन चुकून एक्सवर गेला तर एक्सएक्स असलेला मुलगा जन्माला येतो.

तुमच्याकडे तीन केस पाठ पाहिजेत, बाकी नसल्या तरी चालेल. पहिली, कंप्लीट अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी: क्रोमोसोम एक्सवाय, पोटात वृषण आहेत, टेस्टोस्टेरॉन भरपूर बनतं, पण पेशींना त्याचा सिग्नल कळतच नाही, त्यामुळे मूल मुलगी म्हणून जन्मतं, वाढतं, वयात आल्यावर स्तन येतात, पाळी मात्र येत नाही आणि बऱ्याचदा तेव्हाच पहिल्यांदा हे उघड होतं. दुसरी, स्वायर सिंड्रोम: क्रोमोसोम एक्सवायच, पण ग्रंथी बनल्याच नाहीत, गर्भाशय आहे, आणि दुसऱ्या कुणाचं बीज घेऊन अशा स्त्रिया गरोदर राहिल्यात, बाळंत झाल्यात. तिसरी, फाइव्ह अल्फा रिडक्टेजची कमतरता: जन्मताना अवयव मुलीसारखे किंवा अस्पष्ट, आणि वयात येताना आवाज फुटतो, स्नायू वाढतात, लिंग वाढतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात अशी बरीच मुलं होती आणि 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास झाला तेव्हा हे जगभर माहीत झालं.

कुणीही व्याख्या दिली की या तीन केस त्यातून चालवायच्या. गॅमीटवाला शिस्तीत राहिला तर पहिल्या केसला त्याला 'नर' म्हणावं लागेल. तो म्हणाला, तर त्याला विचारा की रोजच्या जगण्यात, लग्नात, हॉस्पिटलच्या वॉर्डात या बाईला पुरुष म्हणायचं का, आणि तो "नाही, तिथे ती बाईच" म्हणाला तर त्याने स्वतःच मान्य केलं की बायॉलॉजीतला नर आणि समाजातला पुरुष हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गुच्छवाल्याचीही सुटका नाही हं, त्याला विचारा की गुच्छातल्या किती गोष्टी जुळल्या म्हणजे पुरे, आणि कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते कोण ठरवणार. तिथे तो चाचपडतो, आणि चाचपडायलाच हवं.

आकड्यांचं भांडण

1.7 टक्के लोक इंटरसेक्स असतात, म्हणजे त्यांचं शरीर नर किंवा मादीच्या नेहमीच्या साच्यात नीट बसत नाही, हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो जीवशास्त्रज्ञ ॲन फॉस्टो-स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या कामातून आला. 2002 मध्ये डॉक्टर लेनर्ड सॅक्स यांनी तोच आकडा 0.018 टक्के लावला, म्हणजे जवळपास शंभरपट कमी. यातला कोणी खोटं बोलत नाही, मोजायची व्याख्या वेगळी आहे. 1.7 पैकी साधारण 1.5 हा एकटा उशिरा दिसणाऱ्या सीएएचचा (ॲड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात विकाराचा) वाटा आहे, आणि त्यातल्या बहुतेक बायकांच्या बाई असण्याबद्दल डॉक्टरला काय, कुणालाच शंका नसते. सॅक्स यांनी फक्त त्याच केस धरल्या जिथे क्रोमोसोम आणि शरीर जुळत नाहीत किंवा शरीर बघून ठरवताच येत नाही. त्यामुळे 1.7 फेकणाऱ्याला आतली फोड विचारा आणि 0.018 फेकणाऱ्याला आठवण करून द्या की 800 कोटींच्या जगात तेसुद्धा 14 लाखांच्या वर जातात.

आणि खरं सांगायचं तर दोन्ही आकड्यांनी काही सिद्ध होत नाही. सीमारेषा धूसर आहे म्हणून वर्ग खोटा होत नाही, माणूस नक्की कुठल्या क्षणी प्रौढ होतो ते निसर्गात लिहिलेलं नाही तरी मूल आणि प्रौढ हा फरक खरा आहे. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजू पण बघा ना, कायद्याला रेघ लागते म्हणून आपण 18 ठरवतो, ती रेघ आपण मारतो, सोयीसाठी मारतो आणि कामाप्रमाणे बदलतो. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने फीड्रस नावाच्या संवादात म्हटलंय की विचार करणाऱ्याने निसर्गाला सांध्यांवर कापावं, अडाणी खाटकासारखी हाडं फोडू नयेत. सेक्सच्या वादात प्रश्न असा आहे की सांधा आहे हे कबूल, पण आपल्याला जे तुकडे हवेत ते सगळे त्याच सांध्यावर पडतात का.

इंटरसेक्सवरून ट्रान्सकडे उडी मारू नका

ही चूक ट्रान्स लोकांची बाजू घेणारे फार करतात आणि हातातली केस घालवून बसतात. इंटरसेक्स हा शरीराच्या जडणघडणीतला फरक, ट्रान्स असणं म्हणजे स्वतःची जेंडर ओळख (आपण बाई, पुरुष की आणखी काही, याबद्दल स्वतःला जे वाटतं ते) जन्मताना लिहिलेल्या सेक्सशी न जुळणं. बहुतेक ट्रान्स लोकांत इंटरसेक्सची कुठलीही लक्षणं नसतात. त्यामुळे "इंटरसेक्स लोक असतात म्हणून ट्रान्स लोकांचं म्हणणं खरं" हा युक्तिवाद मेळच खात नाही, वर ज्या इंटरसेक्स लोकांना या भांडणात पडायचंच नाही त्यांना उगाच ओढलं जातं. पण उलटी उडी पण तितकीच चूक, "सेक्स दोनच, म्हणून जेंडर ओळख ही भानगडच खोटी" हे सुद्धा निघत नाही. सेक्स अगदी कडक दोन खान्यांचा असला तरी माणसाला आपल्या शरीराबद्दल आणि समाजातल्या जागेबद्दल काय वाटतं हा स्वतंत्र विषय उरतोच.

ब्रेन स्कॅनचा पुरावा तर दोन्हीकडच्यांनी टाळावा असं माझं स्पष्ट मत. समजा उद्या सिद्ध झालं की ट्रान्स बायकांच्या मेंदूत अमुक फरक सरासरीने दिसतो. मग एखादीच्या स्कॅनमध्ये तो नाही आला तर ती ट्रान्स नाही असं म्हणणार का? कुणीच म्हणणार नाही, म्हणजे खरा निकष स्कॅन नव्हताच. वैद्यकीय वर्गवारीचा आधार घेताना पण जपून. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी या आपल्या आजारांच्या यादीच्या 11 व्या आवृत्तीत, जी 2022 पासून लागू झाली, जेंडर इनकाँग्रुअन्स (जेंडर ओळख आणि जन्मताना लिहिलेला सेक्स न जुळणं) मानसिक आजारांच्या भागातून काढून लैंगिक आरोग्याच्या भागात नेलं. यावरून तो मानसिक आजार मानला जात नाही एवढं कळतं, बाई कोण या प्रश्नाला ते हातही लावत नाही.

शब्दाच्या व्याख्येची मारामारी

"बाई म्हणजे काय, एका वाक्यात सांग" हा प्रश्न आता पेच म्हणून टाकतात. त्यावर तत्त्वज्ञांत खरोखर मोठं काम झालंय, ते वाचलं तर दोन्हीकडच्या घोषणा फिक्या वाटायला लागतात.

ॲलेक्स बर्न यांनी 2020 मध्ये सरळ मांडलं की बाई म्हणजे प्रौढ मानवी मादी, बस. त्यांचा एक मुद्दा मला मजबूत वाटतो: कोंबडी, घोडी, वाघीण असे प्राण्यांतल्या मादीसाठी शब्द आहेत, मग आपल्याच जातीच्या प्रौढ मादीसाठी शब्द नसेल हे विचित्र नाही का. रॉबिन डेम्ब्रॉफ यांनी 2021 मध्ये त्याला उत्तर दिलं. माझ्या शब्दांत त्या बाजूचा आक्षेप असा की रोजच्या वापरात जे गृहीत धरलं जातं त्यालाच पुरावा मानलं तर ते गृहीतक तपासणार कोण, आणि माणसांबद्दलच्या शब्दांवर हक्क, कर्तव्यं, अपेक्षा लादलेल्या असतात, वाघीण या शब्दावर तसं काही नसतं. हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचायची सवय लावा, एकच वाचाल तर गंडाल.

सॅली हॅसलँगर यांनी 2000 साली वेगळाच रस्ता धरला. त्या विचारतात की ही संकल्पना आपल्याला कशासाठी हवीये, अन्याय समजून घ्यायला हवी असेल तर बाई म्हणजे स्त्री शरीराच्या खुणा दिसतात म्हणून जिला समाजात खालच्या जागी ठेवलं जातं ती. ऐकायला जबरदस्त, पण केस चालवून बघा: एखादी राणी, जिला कुणीही खाली ठेवत नाही, ती या व्याख्येने बाई नाही. आणि जिच्याकडे लोक बाई म्हणून बघतच नाहीत अशी ट्रान्स बाईसुद्धा बाहेर जाते. कॅथरीन जेनकिन्स यांनी 2016 मध्ये हा दुसरा दोष धरला आणि म्हटलं की दोन अर्थ लागतील, एक समाज तुम्हाला कुठल्या वर्गात टाकतो तो, दुसरा तुमच्या आत त्या वर्गाच्या आयुष्यातून वाट काढायला जो नकाशा तयार झालेला असतो तो. हा नकाशा नक्की काय, सगळ्यांकडे असतो का, यावर पुढे भरपूर टीका झाली आणि ती वाजवी आहे.

"जी स्वतःला बाई मानते ती बाई" या व्याख्येवर चक्रात फिरण्याचा आरोप होतो, कारण 'बाई' समजवायला 'बाई'च वापरली. आरोप खरा आहे, शब्दकोशातली व्याख्या म्हणून हे वाक्य चालत नाही. पण तिची बाजू नीट मांडायची असेल तर असं मांडा की ही शब्दाची व्याख्या नाहीच, कुणाच्या सांगण्याला मान द्यायचा याबद्दलचा तो नियम आहे. टालिया बेचर यांनी हे चांगलं मांडलंय, माणसाच्या स्वतःच्या ओळखीबद्दल त्याच्या बोलण्याला नैतिक अधिकार असतो, तो डॉक्टरी तपासणीसारखा खरं खोटं तपासायचा विषय नाही असा त्यांचा रोख आहे. यावर तुम्ही असहमत होऊ शकता, पण आता निदान योग्य गोष्टीशी असहमत व्हाल. जेनिफर सॉल यांनी संदर्भाप्रमाणे शब्दाचा अर्थ बदलतो असाही पर्याय 2012 मध्ये तपासला आणि त्यातली अडचण स्वतःच दाखवली, की मग विरोधकाच्या संदर्भात विरोधकाचंही बरोबर ठरतं आणि ट्रान्स बाईच्या हाती काहीच ठोस राहत नाही.

तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, "बटलर म्हणतात शरीर असतंच नाही". बटलर असं म्हणत नाहीत. 1990 पासूनचा त्यांचा मुद्दा असा की शरीरं आहेतच, पण हजारो फरकांपैकी याच फरकाला धरून सगळ्या माणसांची पहिली वाटणी करायची हा निर्णय तटस्थ नाही, त्यात आधीच जेंडर शिरलेलं आहे. मला स्वतःला हे अर्धं पटतं. प्रजनन हा काही कुणी सहज उचललेला फरक नाही, पण जन्मल्या क्षणापासून प्रत्येक कागदावर तोच पहिला हवा हे मात्र गॅमीट सांगत नाही.

चौथ्या प्रश्नाचा सराव: खेळ

पॉलिसी समजायची तर खेळापासून सुरुवात करा, कारण तिथे वर्ग कशासाठी आहे ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. वरच्या पातळीवर धावण्यात पुरुष आणि बायकांत साधारण 10 ते 12 टक्क्यांचा फरक पडतो, बायकांचा वेगळा गट नसेल तर त्या फायनलला दिसणारच नाहीत. म्हणजे हा गट टेस्टोस्टेरॉनने आणि पुरुषी वयात येण्याने जो फायदा मिळतो तो वगळायला आहे.

आता टेस्टचा इतिहास बघा. 1968 च्या ऑलिंपिकपासून क्रोमोसोमची तपासणी सुरू झाली. 1985 मध्ये जपानमधल्या कोबेच्या स्पर्धेत स्पॅनिश हर्डलर (अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू) मारिया होसे मार्टिनेझ पतिन्यो त्यात फेल झाली, तिला कंप्लीट अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी होती, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा एक थेंबभर फायदा तिच्या शरीराला मिळणं शक्य नव्हतं, तरी तिला बाहेर काढलं आणि 1988 मध्ये परत घेतलं. 1996 च्या अटलांटात 3387 बायकांची तपासणी झाली, 8 जणी एसआरवाय पॉझिटिव्ह आल्या आणि आठही जणींना खेळू दिलं. 1999 मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट तपासणी बंद केली. मग टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादा आल्या. 2019 मध्ये खेळांच्या लवादाने दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या, जिचं टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्याच जास्त आहे, हिच्या केसमध्ये म्हटलं की असा मर्यादेचा नियम भेदभाव करतो पण तो आवश्यक आहे. (सेमेन्या ट्रान्स नाही, जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलीये, हे वादात कायम गाळलं जातं.) 2023 मध्ये वर्ल्ड ॲथलेटिक्स या ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने पुरुषी वयात येऊन गेलेल्या ट्रान्स बायकांना महिला गटातून वगळलं आणि सप्टेंबर 2025 पासून एसआरवायची एकदाच करायची टेस्ट परत आणली.

यातून उचलायचं ते असं: क्रोमोसोम, जीन, हॉर्मोन, प्रत्येक टेस्ट वेगळ्या जागी रेघ मारते, आणि रेघ योग्य की नाही ते त्या गटाच्या उद्देशावरून तपासता येतं. पतिन्योची केस सांगते की क्रोमोसोम हा फायद्याचा कच्चा अंदाज आहे, फायदा स्वतः नाही. तोच हिशेब दुसऱ्या बाजूला लावा, प्रौढपणी टेस्टोस्टेरॉन कमी केलं तरी वयात येताना वाढलेली उंची आणि हाडांची लांबी मागे जात नाही, त्यामुळे "आता हॉर्मोन लेव्हल सेम आहे" एवढं उत्तर पुरत नाही. पण हाच निष्कर्ष उचलून लायब्ररीच्या कार्डाला किंवा पासपोर्टला लावला तर तो हास्यास्पद होतो, तिथे 10 टक्के वेगाचा काय संबंध. चेंजिंग रूम, तुरुंग, शेल्टर इथे प्रश्न पुन्हा वेगळा: सुरक्षितता, खाजगीपणा, आणि ट्रान्स बाईला पुरुषांच्या बाजूला पाठवलं तर तिचं काय होईल. त्यात खरी माणसं दोन्ही बाजूंना आहेत, एका बाजूची भीती खरी आणि दुसऱ्या बाजूची नाटकं असं धरून चाललात तर तुमचा युक्तिवाद तिथेच लंगडा झाला.

कोर्टाचे निकाल वापरताना

निकालाची हेडलाइन वापरू नका, त्याची हद्द वाचा. इंग्लंडमध्ये 1970 मध्ये कॉर्बेट विरुद्ध कॉर्बेट या केसमध्ये न्यायाधीशांनी क्रोमोसोम, ग्रंथी आणि जननेंद्रियं असे तीन निकष लावून एप्रिल ॲशली ही ट्रान्स बाई लग्नापुरती पुरुषच आहे असं ठरवलं. 2004 मध्ये तिथल्याच संसदेने कायदा करून कायदेशीर जेंडर बदलायची सोय दिली. अर्जेंटिनाने 2012 मध्ये तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटशिवाय बदलू दिलं. एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये सेक्स म्हणजे बायॉलॉजिकल सेक्स, आणि लगेच लोक नाचायला किंवा रडायला लागले की कोर्टाने बाईची व्याख्या केली. त्याच निकालात कोर्टाने लिहिलंय की या कायद्याबाहेर 'बाई' शब्दाचा अर्थ काय ते ठरवणं आमचं काम नाही. म्हणजे हे चौथ्या प्रश्नाचं, एका देशातल्या एका कायद्यापुरतं उत्तर आहे, बस्स.

उपमा आली की

"मग उद्या कोणी म्हणेल मी दुसऱ्या वंशाचा आहे, मानणार का?" ही उपमा येणारच. 2017 मध्ये रिबेका ट्यूव्हेल यांनी हायपेशिया या तत्त्वज्ञानाच्या जर्नलमध्ये अगदी हाच प्रश्न गंभीरपणे मांडला, त्यांचं म्हणणं ट्रान्स लोकांच्या विरोधात नव्हतं, तरी लेख मागे घ्या म्हणून शेकडो जणांनी सह्या केल्या. लेख मागे घेतला गेला नाही. तुम्ही अशा उपमेवर चिडू नका, काम करा: दोन्हीत नक्की फरक काय ते शोधा. वंश हा पूर्वजांकडून येतो, एका घराण्यात चालत येतो, त्यातला अन्याय वारशाने पुढच्या पिढीला मिळतो. सेक्स तसा चालत येत नाही, प्रत्येक घरात दोन्ही असतात. हा फरक पुरेसा आहे की नाही यावर भांडा, ते भांडण उपयोगाचं आहे.

आणि समोर बसलेल्यांपैकी कुणी ट्रान्स असेल तर एवढं करा: नाव आणि सर्वनाम ते सांगतील तेच वापरा, तुमचं मेटाफिजिक्स, म्हणजे कोण मुळात काय आहे याबद्दलचं मत, काहीही असो, कारण बोलावण्यासाठी व्याख्या ठरवावी लागत नाही. त्यांच्या शरीराबद्दल, ऑपरेशनबद्दल विचारू नका, मुद्दा तोच असेल तरी उदाहरण दुसरं घ्या. त्यांना सगळ्या ट्रान्स लोकांच्या वतीने उत्तर द्यायला लावू नका. आणि त्यांनी तुमच्या युक्तिवादातली चूक दाखवली तर ती चूक म्हणून तपासा, "तू इमोशनल होतेयस" म्हणून बाजूला सारू नका. त्यांनी चुकीचा युक्तिवाद केला तर तेही तसंच सांगा, त्यांना तुमच्याकडून दया नको असते, उत्तर हवं असतं.